भोकाचं नाणं

नाणी तोंडात घालू नयेत, या विषयावर मी आमच्या लेकीला जे व्याख्यान दिलं, ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्कृष्ट व्याख्यान होतं, असं माझं अजूनही मत आहे. एरवी घरात माझं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकत नाही. बायको मधेच कुकर बघायला जाते, लेक मधेच झोपते. त्या दिवशी मात्र दोघी ऐकत होत्या. नाणं किती हातांतून फिरतं, त्या हातांनी आधी काय काय केलेलं असतं, जंतू त्यावर कसे बिऱ्हाड थाटतात आणि काही मूर्ख मुलं तेच नाणं तोंडात घालून शेवटी दवाखान्यात कशी पोचतात, हे सगळं मी हातवाऱ्यांसकट समजावून दिलं. ‘मूर्ख मुलं’ हे शब्द मी जरा जोर देऊनच उच्चारले होते. लेकीची स्मरणशक्ती चांगली आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

लेकीला आम्ही खारूताई म्हणतो. तिला दिसेल ते साठवायची सवय आहे. बाटल्यांची झाकणं, गुळगुळीत खडे, तुटकी बटणं, पेन्सिलींची टोकं. फ्रॉकचे खिसे नेहमी टम्म. एकदा तिच्या खिशातून एक गोगलगाय वॉशिंग मशीनमध्ये गेली आणि माझ्या ऑफिसच्या शर्टाबरोबर धुऊन निघाली. गोगलगाय वाचली, पण बायकोने हात जोडले. “अहो, हिला एखादा शहाण्यासारखा नाद लावा. नाहीतर उद्या ही खिशातून उंदीर आणेल.”

आता शहाणा नाद म्हटल्यावर सल्ला घ्यायला वरच्या मजल्यावर जाणं भाग होतं. तिथे नाणेकाका राहतात. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गेली कित्येक वर्षं नाणी जमवतात. त्यांच्या घरात नाण्यांना दोन खोल्या आहेत आणि काकूंना स्वयंपाकघर. मी विषय काढताच ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

“नाणी! उत्तम! पण एक लक्षात ठेवा, नाणं म्हणजे नुसतं नाणं नसतं.”

“मग काय असतं?”

“जबाबदारी असते,” ते म्हणाले आणि त्यांनी मला आणायच्या वस्तू सांगायला सुरुवात केली. पारदर्शक कप्प्यांचा अल्बम, टोकाला रबर लावलेला चिमटा, सुती हातमोजे, भिंग, मऊ ब्रश. मी पद्धतशीर माणूस आहे. कुठलंही काम करायचं तर ते नीट, नाहीतर करूच नये, असं मी नेहमी म्हणतो आणि बरीचशी कामं दुसऱ्या पद्धतीने उरकतो. या वेळी मात्र मी सगळं सामान आणलं. जमवायला नाणं तेवढं एकही नव्हतं.

ते आलं अण्णांकडून.

अण्णा म्हणजे माझे सासरे. वजनमापे निरीक्षक म्हणून त्यांनी हयात काढली. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी ते बाजारातून जायला लागले की दुकानदारांचे हात आपोआप तराजूकडे जातात. माणसालाही ते तसंच जोखतात, आणि मी त्यांच्या मापात कधीच पुरा उतरलो नाही. लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी अदबीने त्यांची छत्री घ्यायला हात पुढे केला. त्यांनी एकदा माझ्या हाताकडे पाहिलं, एकदा छत्रीकडे पाहिलं आणि छत्री स्वतः नेऊन कोपऱ्यात उभी केली. तेव्हापासून ती छत्री आणि मी एकमेकांना ओळखतो, पण आमचं बोलणं नाही.

तर त्या रविवारी अण्णा आले, त्यांनी खारूताईचा रिकामा अल्बम पानन् पान उलटून पाहिला, कप्पे बोटाने दाबून पाहिले आणि मग सदऱ्याच्या आत हात घालून बंडीच्या खिशातून रुमालाची एक लहानशी पुरचुंडी काढली. ते पाहून बायकोने हातातला कप खाली ठेवला.

“अण्णा? ते?”

“हो.”

“मला लहानपणी हातसुद्धा लावू दिला नाहीत तुम्ही!”

“तुझ्याकडे अल्बम नव्हता,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी गाठ सोडली. आत एक तांब्याचं नाणं होतं. मधोमध भोक, कडा झिजलेल्या, अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. बायको नंतर म्हणाली, की तिच्या सख्ख्या भावानेही हे नाणं फक्त दुरून पाहिलंय. ते काय आहे, कुठून आलं, हे घरात कोणी विचारायचं नाही अशीच पद्धत होती.

“पहिल्या पानावर लावायचं,” अण्णा नातीला म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी ते नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. “हिच्या हातून पडेल. जावईबापू, तुम्ही नीट लावा. पुढच्या रविवारी मी पान बघायला येतो.”

माझा ऊर भरून आला. छत्री नाही, पण नाणं तरी मिळालं. या माणसाने मला काहीतरी धरायला दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑफिसला जाण्याआधी, मी तो समारंभ करायला बसलो. खारूताई समोर, टेबलावर पांढरं फडकं, हातात हातमोजे. अडचण अशी झाली, की अल्बमचा पहिला कप्पा चिकटलेला होता. तो उघडायला एका हाताची नखं लागत होती, दुसऱ्या हातात चिमटा होता, आणि नाणं टेबलावर ठेवावं तर टेबलाला एका बाजूला उतार. नाणं घरंगळून कपाटाखाली गेलं असतं. आमच्या कपाटाखाली गेलेली वस्तू परत आल्याचा अनुभव नाही. लेकीच्या हातात द्यावं, तर अण्णांनी बजावलेलं. अशा वेळी जबाबदार माणूस जे करतो, तेच मी केलं. नाणं अलगद दातांत धरलं.

“बाबा,” खारूताई म्हणाली, “तू म्हणाला होतास की—”

मी भुवया उंचावून तिला गप्प केलं. मोठ्यांची गोष्ट वेगळी असते, असा त्या भुवयांचा अर्थ होता.

तेवढ्यात दारातून समोरच्या काकूंनी आवाज दिला. समोरच्या काकू हळू बोलू लागल्या तरी खालच्या फाटकावरचा कुत्रा उठून बसतो. “अहो! तुमच्याकडे पाणी आलंय का?”

मी सभ्य माणूस आहे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. मी “नाही” म्हणायला तोंड उघडलं, दचकल्यामुळे आत श्वास घेतला, आणि नाणं गेलं.

गेलं म्हणजे आधी घशापर्यंत गेलं. तिथे ते थांबलं. मी श्वास घेतला, तर कुठेतरी बारीक शिट्टी वाजली. मला वाटलं कुकर. दुसरा श्वास घेतला, पुन्हा शिट्टी. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “मी तर अजून कुकर लावलाच नाही!” मी डोळे पांढरे करून टेबलावर हात आपटू लागलो. काकूंनी ते पाहिलं, धावत आत आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीत असा काही धपाटा घातला, की समोरचा अल्बम बंद झाला. शिट्टी थांबली. घसा मोकळा झाला. नाणं मात्र बाहेर पडलं नव्हतं.

खारूताई माझ्या पोटाकडे पाहत होती.

“बाबा, तू मूर्ख मुलं आहेस?” तिने विचारलं. व्याकरण चुकलं होतं, पण ते सुधारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

दवाखान्यात आमची वरात निघाली: मी, बायको, खारूताई आणि साक्षीदार म्हणून काकू. मोठ्या दवाखान्याच्या खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “काय झालं?”

“नाणं गिळलं,” बायको म्हणाली.

“गिळलेल्या वस्तू बालविभागात. पहिला मजला.”

“पण पेशंट—”

“पहिला मजला म्हटलं ना.”

बालविभागाच्या भिंतींवर ससे होते. खुर्च्या गुडघ्याएवढ्या. मी त्यातल्या एकीवर बसलो आणि माझे गुडघे माझ्या कानांशी आले. आजूबाजूला रडणारी मुलं होती, ती मला बघून गप्प झाली. परिचारिकेने कागद पुढे केला. “बाळाचं वजन?” बायकोने सांगितलं. परिचारिकेने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा खारूताईकडे आणि “असं कसं?” म्हणाली. मग सगळा उलगडा झाला, आणि माझ्या वयाच्या माणसाला इथे तपासता येत नाही असं ठरलं. खाली मोठ्यांच्या विभागात गेलो, तर तिथल्या कागदावर गिळलेल्या वस्तूंना रकानाच नव्हता. तिथल्या माणसाला माझी कीव आली. त्याने बराच विचार केला आणि आम्हाला पुन्हा वर पाठवलं. बालविभागाने माणुसकी म्हणून मला दाखल करून घेतलं, पण पालकाची सही लागेल म्हणाले. बायकोने ‘पालक’ या शब्दापुढे सही केली. तिने ती जरा जास्तच ठळक केली, असं मला वाटलं.

डॉक्टरीणबाई खोलीत आल्या त्या हसतच. त्या सरळ खारूताईसमोर वाकल्या. “काय गं ठमे, काय गिळलंस?”

खारूताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

डॉक्टरीणबाई सरळ उभ्या राहिल्या. असा चेहरा मी याआधी फक्त एकदा पाहिला होता, आरशात, त्याच दिवशी सकाळी.

एक्स-रे निघाला. काळ्या फिल्मवर माझ्या बरगड्या, मणके आणि खाली, जिथे आदल्या रात्रीचं जेवण असायला हवं तिथे, एक लख्ख पांढरं कडं. “हे नाणं आहे की वॉशर?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी सांगितलं, की ती सासऱ्यांची ठेव आहे. त्यांनी मान हलवली. “घशातून खाली गेलंय, म्हणजे बहुतेक आपोआप जाईल. भरपूर पाणी प्या, नेहमीचं जेवा. आणि प्रत्येक वेळी बघत चला.”

“काय बघत चला?”

त्या नुसत्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला खुर्चीचा आधार घ्यावासा वाटला. खुर्ची गुडघ्याएवढी असल्यामुळे तोही मिळाला नाही.

“पुढच्या सोमवारपर्यंत नाही आलं, तर दुर्बिणीची नळी आत घालून बघू,” त्या म्हणाल्या. म्हणजे रविवार आधी येत होता. डॉक्टरांची नळी मला परवडली असती. अण्णांच्या नजरेचं काय करायचं, ते कळत नव्हतं.

आम्ही घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती, कारण काकू आमच्यापुढे रिक्षाने निघाल्या होत्या. पुढचे काही दिवस माझं पोट ही अख्ख्या इमारतीची सामाईक मालमत्ता झाली. जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या पोटाकडे बघायचा आणि मग “आलं का?” विचारायचा. लहान मुलं, ज्यांना मी क्रिकेटच्या चेंडूवरून रागावत असे, तीही विचारायची. कोणी केळी खा म्हणालं, कोणी केळी अजिबात नको म्हणालं. तळमजल्यावरच्या शिंप्याने सुया उचलायचं चुंबक आणून दिलं आणि ते पोटावर फिरवायला सांगितलं. नाणं तांब्याचं आहे, चुंबकाला लागणार नाही, असं मी सांगितलं, तर तो म्हणाला, “लावून बघायला काय जातं?” त्या चुंबकाला माझ्या पँटचं बक्कल चिकटलं आणि ते सोडवायला दोघं लागले.

ऑफिसात आणखी पंचाईत. दर थोड्या वेळाने घरी जावं लागेल, म्हणून मी रजा मागितली. आमचे साहेब नियमाचे पक्के.

“कारण काय लिहू? आजारी?”

“आजारी नाही साहेब. तब्येत उत्तम आहे.”

“मग घरगुती अडचण?”

“तशी अंतर्गत अडचण आहे.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “वस्तू मिळाली की हजर व्हा,” ते म्हणाले. मग दार लावायला सांगून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “पण मिळाल्यावर त्याचं तुम्ही काय करणार?” या प्रश्नावर विचार करत मी घरी आलो.

घरी नाणेकाका वाट बघत बसले होते. त्यांना माझी नाही, एक्स-रेची ओढ होती. त्यांनी तो खिडकीच्या काचेवर धरला आणि खिशातून भिंग काढलं. बराच वेळ ते माझ्या पोटात भिंगातून बघत होते.

“कड दातेरी आहे की सपाट, ते कळत नाही. मणका मधे येतोय,” ते नाराजीने म्हणाले. “जरा कुशीवर वळून काढता आला नसता का?”

“काका, मी तिथे फोटो काढायला गेलो नव्हतो.”

“तरी पण भोकावरून सांगतो.” त्यांनी भिंग मिटलं. “अगदी सामान्य. पोत्याने निघाली होती त्या काळी. माझ्याकडे अशी डबाभर आहेत. मी मुलांना खेळायला देतो.”

मी हादरलोच. सामान्य? ज्या नाण्याला सख्ख्या मुलीला हात लावू दिला नाही, जे आयुष्यभर काळजाशी बांधून ठेवलं, ते मुलांना खेळायला देतात? मला राग आला. ज्या माणसाने छत्री द्यायला माझी लायकी पाहिली, त्याने असल्या कवडीमोल तुकड्याला मात्र बंडीच्या खिशात जागा दिली होती. आणि त्या तुकड्यापायी मी सशांच्या भिंतीखाली बसून आलो होतो.

मग नाणेकाका खाकरले. “म्हणून म्हणतो, डब्यातलं एक देऊन टाकतो. लावा पहिल्या पानावर. तुमच्या सासऱ्यांना काय कळतंय?”

बायकोने स्पष्ट सांगितलं, “अण्णांना कळेल.” पण बुडत्याला काडीचा आधार. मी ते नाणं घेतलं.

त्या संध्याकाळी मी आडवा पडलो होतो, तर खारूताई आली आणि तिने माझ्या पोटाला कान लावला. हे ती रोज करायची. नाणं वाजतं का, ते बघायला. अल्बमच्या रिकाम्या कप्प्यावर तिने चिठ्ठीही लावली होती: ‘लवकरच येत आहे.’ पण त्या दिवशी ती कान काढीचना. मग तिने दोन्ही खिसे माझ्या अंथरुणावर उपडे केले. झाकणं, खडे, बटणं, पेन्सिलींची टोकं, सगळं.

“काकू म्हणाल्या, त्यांच्या ओळखीच्या एकांना कापावं लागलं होतं,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “बाबा, मला नाणं नको. राहू दे ते आत. तू हे सगळं घे, पण कापून घेऊ नकोस.”

आठवडाभर मी माझ्या अब्रूचा विचार करत होतो, आणि हिच्या एवढ्याशा डोक्यात हे चाललं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि कोणी कापणार नाही असं शपथेवर सांगितलं. ती पाच मिनिटांत माझ्या कुशीत झोपली. एक पेन्सिलीचं टोक माझ्या पाठीला टोचत होतं, पण मी हललो नाही.

रविवार उजाडला. नाणं आलं नव्हतं. अण्णा आले. छत्री कोपऱ्यात उभी राहिली. पाणी, चहा, विचारपूस झाली, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. “पान बघू.”

मी अल्बम पुढे केला. पहिल्या कप्प्यात, भोक वर करून, डब्यातलं नाणं चमकत होतं. अण्णांनी चष्मा लावला नाही. भिंग मागितलं नाही. त्यांनी नाणं बाहेर काढलं, तळहातावर ठेवलं आणि हात किंचित वरखाली केला. ही हालचाल पाहून बाजारातले भलेभले गारठले होते, असं बायको सांगते.

“हे जड आहे,” अण्णा म्हणाले. “माझं झिजलेलं होतं. जावईबापू, माझं नाणं कुठे आहे?”

मी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती. समोरच्या घराचं दार किंचित उघडलं, म्हणजे काकूही ऐकत होत्या. मी तोंड उघडलं. तोंड उघडण्याचा माझा गेल्या आठवड्याचा अनुभव चांगला नव्हता, तरी उघडलं.

“आजोबा,” खारूताई म्हणाली, “ते बाबाच्या पोटात आहे.” आणि तिने पळत जाऊन एक्स-रे आणला. “हे बघा. हे बाबाचं हाड, आणि हे तुमचं नाणं. दातात धरलं होतं त्याने. आधी घशात शिट्टी वाजली, मग काकूंनी मारलं, मग ते खाली गेलं.”

अण्णांनी फिल्म हातात घेतली. मी डोळे मिटले. आता छत्री उचलून हा माणूस कायमचा जाणार, असं मी धरून चाललो होतो. मग हळूच एक डोळा उघडला. अण्णा खुर्चीवर बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते. ते रडतायत असं वाटून बायको धावली. तर ते हसत होते. त्यांना हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. बायकोनेही फारसं पाहिलं नसावं, कारण ती पाण्याचा पेला घेऊन तशीच उभी राहिली.

“शिट्टी वाजली?” अण्णांनी विचारलं.

“बारीक,” मी म्हणालो.

“कुकरसारखी?”

“मला तसंच वाटलं. तुम्हाला कसं कळलं?”

अण्णांनी डोळे पुसले. “आमच्या वेळी कुकर नव्हते. माझ्या आईला वाटलं, की पोरगं पक्ष्याचा आवाज काढतंय.” मग ते नातीकडे वळले. “मी तुझ्यापेक्षा लहान होतो. हेच नाणं तोंडात घालून झोक्यावर बसलो होतो. घशात अडकलं. दुसरं कुठलं नाणं असतं, तर मी तिथेच संपलो असतो. पण याला भोक होतं. त्या भोकातून मी श्वास घेत होतो, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी. आई हसत होती. मग तिने माझा चेहरा पाहिला आणि...” ते थांबले. “मग तिने पाठीत धपाटा घातला. नाणं खाली गेलं. चार दिवस ती माझ्याजवळून उठली नाही. ते आल्यावर तिने ते धुतलं, पदराला बांधलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. गेली तेव्हा गाठीत होतं. ते मी घेतलं.”

बायको त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली आणि तिने त्यांचा हात धरला. “अण्णा, हे कधी सांगितलं नाहीत?”

“काय सांगायचं? निरीक्षक होतो मी. लोक माझ्या मापाला घाबरत. त्यांना सांगू, की मी नाणं गिळलं होतं?”

मलाही गहिवरून आलं होतं. त्या झिजलेल्या तुकड्याबद्दल मी मनात काय काय बोललो होतो, ते आठवून मला लाज वाटली. सामान्य म्हणे! त्या भोकानेच एका आईचं मूल वाचवलं होतं. त्याच भोकातून मीही श्वास घेतला होता. मी हात जोडणार, इतक्यात अण्णांच्या बोलण्यातला एक बारीक तपशील माझ्या डोक्यात हळूहळू उतरला. ‘ते आल्यावर.’ म्हणजे ते आलं होतं. म्हणजे कुठून आलं होतं. म्हणजे जे नाणं मी सोमवारी सकाळी दातांत अलगद धरलं, ते त्याआधी...

मी उठलो आणि बेसिनकडे धावलो. मागून अण्णांचा आवाज आला, “आईने तीनदा धुतलं होतं हो!” पण तोपर्यंत माझ्या तोंडात अर्धी ट्यूब टूथपेस्ट होती.

हा धक्का शेवटी उपयोगी पडला. दुर्बिणीच्या नळीची वेळच आली नाही. त्याच दुपारी, अण्णा घरात असतानाच, वस्तू मिळाली. त्याचं वर्णन मी करणार नाही. माणसाने थोडी अब्रू राखून ठेवावी. बायकोने ते उकळलं, मग पुन्हा उकळलं, आणि ते भांडं फेकून दिलं. काकूंनी दारातूनच जिन्यात जाहीर केलं, “आलं!” वरच्या आणि खालच्या मजल्यांवरून टाळ्या ऐकू आल्या. एवढ्या टाळ्या मला लग्नातही मिळाल्या नव्हत्या.

पहिला कप्पा खारूताईने स्वतः उघडला, नखं लावून, कोणाच्याही दातांची मदत न घेता. अण्णांनी नाणं आत सरकवलं. ‘लवकरच येत आहे’ची चिठ्ठी काढून तिने नवी लावली. ‘हे नाणं आजोबांनी आणि बाबांनी गिळलं. मी गिळणार नाही.’ अण्णांनी ती वाचली आणि मापात बसल्यासारखी मान हलवली.

संध्याकाळी ते निघाले. मी त्यांना सोडायला दारापर्यंत गेलो. त्यांनी कोपऱ्यातली छत्री घेतली, चपला घालायला वाकले, थांबले आणि छत्री माझ्यापुढे केली.

“धरा जरा.”

मी दोन्ही हातांनी धरली. छत्री वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. माझा घसा दाटून आला, आणि या वेळी त्यात नाणं नव्हतं.

अण्णांनी एक चप्पल घातली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“हातातच धरा,” ते म्हणाले.